हँडबेलच्या नादामागे: एका ध्वनिमुद्रण दौऱ्याची आखणी

हँडबेलवर, म्हणजे हातात धरून वाजवायच्या एका स्वराच्या घंटेवर, आघात करायला क्षणभरही लागत नाही. पण खालच्या सप्तकातली घंटा एकदा वाजली की तिचा नाद पुरता विरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जातो. हँडबेलचं व्हर्च्युअल वाद्य, म्हणजे नोंदवलेल्या आवाजांवरून संगणकावर वाजणारं वाद्य, तयार करायचं मनात घेतलं आणि ध्वनिमुद्रणाच्या दौऱ्याची आखणी सुरू झाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक निर्णय या विरण्याच्या काळाशी येऊन ठेपला. जागा कुठली, माणसं किती, माइक कुठले, किती रात्री लागतील, या सगळ्यांची उत्तरं एकाच हिशेबातून काढावी लागली: नाद किती वेळ टिकतो, आणि तेवढा वेळ अखंड शांतता मिळते का.

याआधी मी पियानो आणि काही तालवाद्यांचं सॅम्पलिंग, म्हणजे एकेक आवाज वेगळा नोंदवायचं काम, केलं होतं. पियानो एका जागी उभा असतो, त्याला एक वादक पुरतो, आणि पट्टी सोडली की तार थांबवायचं काम आतली यंत्रणा करते. हँडबेलमध्ये प्रत्येक स्वराची घंटा वेगळी, ती माणसाच्या हातात, आणि तिचा नाद थांबतो तो माणसाने ती खांद्याला टेकवल्यावर. घंटांबरोबर त्या वाजवणाऱ्या हातांच्या सवयीही टिपाव्या लागणार हे तेव्हाच स्पष्ट होतं. म्हणून नुसता संच भाड्याने आणून स्टुडिओत वाजवायचा विचार मी लवकर सोडला. हँडबेल वाजवणाऱ्या एखाद्या वृंदाकडे जायचं, त्यांच्याच टेबलांवर, त्यांच्याच हातून सगळं नोंदवायचं ठरलं.

कुठल्या घडणीच्या घंटा हव्यात हे ठरवण्यासाठी थोडा इतिहास वाचावा लागला. स्वरात जुळवलेल्या हँडबेलचा उगम इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, ऑल्डबर्न गावी मानला जातो. रॉबर्ट आणि विल्यम कॉर हे तिथले घंटा ओतणारे भाऊ; काळ १७ व्या शतकाची अखेर आणि १८ व्याची सुरुवात. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा वाजवणाऱ्यांना क्रमबदलांचा, म्हणजे दर फेरीला घंटांचा क्रम बदलत वाजवण्याचा, सराव खाली बसून करता यावा ही मूळ गरज होती. १८४० च्या दशकात अमेरिकन करमणूक-व्यावसायिक पी. टी. बार्नम यांनी इंग्लंडमधल्या लँकशरचे वादक अमेरिकेत नेले, आणि १९५४ मध्ये मार्गारेट शर्क्लिफ यांच्या पुढाकाराने तिथे हँडबेलवादकांची संघटना उभी राहिली. आज मोठ्या वृंदांकडे दिसणारे बरेच संच पेनसिल्व्हेनियातल्या माल्मार्क आणि शुल्मेरिक या दोन कंपन्यांचे असतात. लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेच्या घंटाही जुन्या वृंदांकडे जपलेल्या आहेत. ती ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली.

घडणीचा फरक कानाला लगेच कळतो. इंग्लिश पद्धतीच्या हँडबेलमध्ये मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट कंपनसंख्येचा स्वर जुळवलेला असतो. मूळ स्वराला सा म्हटलं तर हा वरच्या सप्तकातला पंचम. डच घडणीच्या घंटांमध्ये त्या जागी कोमल गंधार ऐकू येतो, त्यामुळे एकाच वेळी अनेक घंटा वाजल्या की त्यांचा रंग फार वेगळा लागतो. मला वृंदासाठी लिहिलेलं नेहमीचं संगीत वाजवता येईल असं वाद्य हवं होतं, तेव्हा इंग्लिश घडणच घ्यायची ठरली. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेत आपल्याला जो स्वर ऐकू येतो तो बरेचदा कानानेच अनेक उपस्वरांतून जुळवलेला असतो. हँडबेलमध्ये मात्र ऐकू येणारा स्वर खरोखरच घंटेचा मूळ स्वर असतो. म्हणूनच तिचा आवाज इतका निर्मळ लागतो, आणि म्हणूनच त्यात मिसळलेली थोडीशी खरखरही लपत नाही.

संच दोन सप्तकांचे २५ घंटांचे, तीनचे ३७, चारचे ४९ आणि पाचचे ६१ घंटांचे असतात. पाच सप्तकांचा मोह मोठा होता. पण सर्वांत खालच्या घंटा खूप जड, त्यांचा नाद खूप लांब, आणि त्या पेलणारे वादक मोजके. ज्या वृंदाने होकार दिला त्यांच्याकडे तीन सप्तकांचा, सी-४ ते सी-७ (सी हा स्वर, आकडा सप्तकाचा) असा उत्तम जपलेला संच होता. वृंदाचं बहुतेक साहित्य तेवढ्यात बसतं. नीट नोंदवलेल्या ३७ घंटाच बऱ्या, हे मी पक्कं केलं आणि पुढे त्यावर पुन्हा विचार केला नाही.

दौऱ्याआधी एक पाहणीभेट केली. वृंदाच्या संचालिकांनी तीन घंटा काढून दिल्या: सी-४, जी-५ आणि सी-७. या तिघींवरून उरलेल्या ३४ घंटांचा अंदाज बांधायचा होता. एका साध्या रेकॉर्डरवर त्या नोंदवल्या, घरी आल्यावर त्यांचं छोटं चाचणी-वाद्य तयार केलं, आणि मगच हिशेब मांडायला बसलो. असं काही ज्याला करायचं असेल त्याने ही पायरी गाळू नये असं मी आग्रहाने सांगेन. कागदावर सुचत नाहीत असे प्रश्न चाचणी-वाद्य वाजवताना पहिल्या पाच मिनिटांत समोर येतात.

हिशेब असा झाला. प्रत्येक घंटेसाठी जोराच्या चार पायऱ्या, अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत. एकच सॅम्पल लागोपाठ वाजलं की कानाला ते यांत्रिक वाटतं, म्हणून प्रत्येक पायरीचे चार वेगळे आघात. म्हणजे घंटेमागे १६. खालच्या १३ घंटांना, पुढचा आघात घेण्याआधीचं थांबणं धरून, आघातामागे ३५ सेकंद. मधल्या १२ घंटांना २०. वरच्या १२ घंटांना १०. खालच्या घंटांचे २०८ आघात दोन तासांहून किंचित जास्त घेतात. मधल्या घंटा १ तास ४ मिनिटं, वरच्या ३२ मिनिटं. एकूण ३ तास ३७ मिनिटं. यातला आघाताचा वेळ जवळपास शून्य आहे. बाकी सगळं विरण्याचं. बाहेरून गाडी गेली, घंटेच्या आतला लोलक दोनदा लागला, कुणी खोकलं, म्हणून पुन्हा घ्यावे लागणारे आघात धरून मी हा आकडा दीडपट केला: साधारण साडेपाच तास. आणि हे फक्त साधं वाजवणं, नाद मोकळा सोडून.

हँडबेलच्या वादनतंत्रांची यादी मोठी आहे. घंटा फोम घातलेल्या टेबलावर आडवी आपटायची, ते मार्टेलाटो. टेबलावर ठेवलेल्या घंटेचा लोलक बोटाने ढकलून वाजवायचा, तो प्लक. मॅलेटने, म्हणजे गोल डोक्याच्या काठीने, वाजवायचं, टेबलावर ठेवून किंवा हातात उभी धरून. घंटा हलवत ठेवायची, तो शेक. वाजवल्यावर हात खाली-मागे झुलवायचा, तो स्विंग. लाकडी दांडी कडेवरून फिरवत घंटेला गायला लावायचं, हेही एक तंत्र आहे. सगळंच हवंहवंसं वाटतं. पण ज्या तंत्रात नाद मोकळा राहतो त्याची किंमत वेळात फार मोठी असते. हातात धरलेल्या घंटेवर मॅलेट, तीन पायऱ्या आणि तीन आघात, एवढंच घेतलं तरी आणखी दोन तास जातात. उलट मार्टेलाटो फोममध्ये लगेच मिटतं. ३७ घंटा, तीन पायऱ्या, चार आघात मिळून ४० मिनिटांच्या आत संपतं. प्लक तर त्याहून लवकर.

म्हणून निवड करताना दोनच गोष्टी पाहिल्या: वृंदाच्या स्वरलिपीत ते तंत्र किती वेळा येतं, आणि साध्या वादनाच्या सॅम्पलमधून ते बनवता येतं का. मार्टेलाटो, प्लक आणि टेबलावरचं मॅलेट हे तिन्ही आत आले, कारण त्यांचा रंग दुसऱ्या कशातून निघत नाही. शेक मधल्या आणि वरच्या घंटांपुरता. स्विंग गाळला, त्यातली आवाजाची ये-जा साध्या नादावर बऱ्यापैकी उभी करता येते. हातात धरून मॅलेट मी यादीच्या तळाला, वेळ उरला तर, असं ठेवलं. जड घंटा टेबलावर आपटायला अनेक वादक नाखूष असतात, आणि ते योग्यच आहे. सर्वांत खालच्या घंटांचं मार्टेलाटो करायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी संचालिकांवर सोपवला. घंटा त्यांच्या आहेत.

चाचणी-वाद्याने सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिकवली ती नाद मिटवण्याबद्दल. वादक घंटा खांद्याला टेकवतो तेव्हा आवाज नुसता बंद होत नाही. कापड धातूला लागल्याचा एक मऊ स्पर्श ऐकू येतो, वरचे स्वर आधी जातात, मूळ स्वर किंचित मागे रेंगाळतो. सॅम्पलचा आवाज फक्त झपकन उतरवला तर ऐकणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं, काय ते मात्र सांगता येत नाही. तेव्हा मिटवण्याची वेगळी सॅम्पल हवीत: प्रत्येक घंटा, दोन जोर, चार वेळा. कळ सोडली की ती वाजतील. पण वाजल्यानंतर लगेच मिटवलेली घंटा आणि दहा सेकंदांनी मिटवलेली घंटा यांचा स्पर्श सारखा ऐकू येत नाही, कारण तोवर धातूतला जोर ओसरलेला असतो. एसएफझेड या, व्हर्च्युअल वाद्यांसाठी साध्या मजकुरात लिहिल्या जाणाऱ्या फाइल-स्वरूपात यासाठी आरटी_डिके नावाची सोय आहे. कळ जितका वेळ दाबून ठेवली त्या प्रमाणात सुटण्याचं सॅम्पल ती हळू करते. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्येही (सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर) असं करता येतं. पण किती हळू करायचं हे कानाने ठरवायचं, तर संदर्भ लागतो. म्हणून काही निवडक घंटा वाजवून एक, तीन आणि आठ सेकंदांनी मिटवायच्या असा एक छोटा संच यादीत जोडला.

मग कपड्यांचा प्रश्न आला. घंटा ज्या कापडाला टेकते त्यावर मिटण्याचा आवाज अवलंबून असतो. कृत्रिम धाग्याचं कापड सळसळतं. संचालिकांशी बोलून ठरलं की मुद्रणाच्या वेळी सगळे वादक मऊ सुती, बिनबटणांचे, बिनखिशांचे कपडे घालतील. हातमोजे तर त्यांचे असतातच. घामाने कांशावर डाग पडतात म्हणून. मोजा मुठीवर घासल्याचा आवाज नको यासाठी पकड आघाताआधी पक्की करायची आणि नाद संपेपर्यंत बदलायची नाही, एवढी सूचना पुरेशी ठरेल असं त्या म्हणाल्या.

सॅम्पलर आणि खरी घंटा यांच्यात आणखी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. तीच घंटा पुन्हा वाजवली की आधीचा नाद तसाच राहून त्यावर नवा चढत नाही. धातू एकच आहे. नवा आघात जुन्या कंपनात मिसळतो, कधी त्याला वाढवतो, कधी खातो. सॅम्पलरला सोडून दिलं तर तो दोन पूर्ण नाद एकावर एक रचतो आणि आवाज फुगत जातो. उपाय सोपा आहे: एका स्वराचा नवा आघात आला की जुना लवकर ओसरू द्यायचा. किती लवकर, ते कळावं म्हणून प्रत्येक सप्तकातल्या दोन घंटांचे सलग आघातही नोंदवायचे ठरवले.

आता शांतता. व्हर्च्युअल वाद्यात खरखर बेरजेने वाढते. एकाच वेळी आठ घंटा मोकळ्या वाजत असतील तर प्रत्येक सॅम्पलमधली खरखर एकत्र होऊन सुमारे ९ डेसिबलने चढते. त्यात सगळ्यात हळू आघाताचं सॅम्पल कुणी वर उचललं तर आणखी. सॉफ्टवेअरने खरखर काढता येते, पण विरणाऱ्या नादाच्या शेवटच्या भागात घंटेची झिलई आणि खोलीची खरखर एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एक काढताना दुसरी जखमी होतेच. माझं मत ठाम आहे: नादाच्या या शेपटीवर सॉफ्टवेअर चालवायची वेळ येऊच नये अशी जागा आणि वेळ निवडायची.

वृंदाच्या सरावाचं सभागृह हीच जागा सर्वांना सोयीची होती. छत उंच, घुमारा आखूड आणि सम. फार घुमणाऱ्या जागेत घंटा सुंदर लागतात, पण तो घुमारा सॅम्पलमध्ये कायमचा बसतो आणि वाद्य वापरणाऱ्याला ते कोरड्या, जवळच्या आवाजात वापरता येत नाही. पाहणीभेटीत मी रेकॉर्डर सभागृहात रात्रभर चालू ठेवला आणि नंतर त्याचं वर्णपट-चित्र पाहिलं. इथे या संचाने एक मोठी सवलत दिली. सर्वांत खालची घंटा सी-४, म्हणजे सुमारे २६२ हर्ट्झ. त्याखाली आपल्या कामाचं जवळजवळ काहीच नाही. लांबून जाणाऱ्या अवजड वाहनांची गुरगुर बहुतेक या रेषेखाली राहते आणि गाळणीने बिनधास्त कापता येते. त्रास देतात ते पंखे, वायुवीजनाचा फसफस आवाज, दिव्यांच्या उपकरणांची गुणगुण, भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या खोलीतला फ्रिज. हे सगळं नेमकं घंटेच्याच पट्ट्यात बोलतं. यांची एक यादी केली, प्रत्येकापुढे बंद करण्याची परवानगी कुणाकडून घ्यायची ते लिहिलं. फ्रिजचं बटण बंद करणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं राहत नाही; ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती मला फार आवडते.

वायुवीजन बंद म्हणजे खोली हळूहळू तापणार. तापलं की कांशाचा स्वर किंचित उतरतो. फरक बारीक असतो, पण एक सप्तक गार खोलीत आणि दुसरं तापलेल्या खोलीत नोंदवलं तर दोन्हींच्या सीमेवर कान अडखळू शकतो. म्हणून दर तासाला यंत्रणा थोडा वेळ चालू करून खोली पुन्हा पहिल्या तापमानाला आणायची, आणि नोंदवहीत तापमान लिहायचं. तेवढ्यात वादकांनाही विश्रांती.

माइकच्या जागांवर मी आणि ध्वनिमुद्रण बघणारा माझा मित्र बराच वेळ बोललो. हँडबेल सगळ्या दिशांना सारखी वाजत नाही. भौतिकशास्त्रज्ञ थॉमस रॉसिंग यांनी हँडबेलच्या कंपनांचा अभ्यास केला आहे. घंटेची कड लंबगोलासारखी आत-बाहेर होते, आणि बाजूने मूळ स्वर ठळक येत असताना तोंडाच्या सरळ रेषेत त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर जास्त ऐकू येतो. म्हणजे माइक नेमका तोंडासमोर धरला तर घंटेचा स्वभावच बदलतो. शिवाय ओतीव धातू कधीच पूर्ण सम नसतो. एकाच कंपनाच्या दोन जवळजवळ सारख्या कंपनसंख्या निघतात आणि नादात एक संथ लहर येते. ही लहर घंटेचं व्यक्तिमत्त्व आहे, ती ठेवायचीच. पण लोलक एकाच प्रतलात हलत असल्याने आघात ठरलेल्या जागी होतो, तर वादकाने घंटा हातात थोडी वळवली की माइकला ती लहर वेगळी ऐकू जाते. चार आघातांत चार वेगळ्या लहरी नकोत. म्हणून मुठीच्या दिशेवरून घंटा नेहमी एकाच बाजूला धरायची, आणि वादकाची पावलं जमिनीवर लावलेल्या चिकटपट्टीवर.

शेवटी मांडणी अशी ठरली. जवळची जोडी ओआरटीएफ पद्धतीने, दोन माइकमध्ये १७ सेंटिमीटर आणि ११० अंशांचा कोन, वादकाच्या खांद्याच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर, तोंडाच्या रेषेपासून बाजूला. दुसरी सर्वदिश माइकची जोडी टेबलांपासून काही मीटरवर आणि उंच. तिसरी सभागृहाच्या मागच्या भागात. घंटा वाजेल ती टेबलावरच्या तिच्या नेहमीच्या जागेवरून, खालच्या एका टोकाला आणि वरच्या दुसऱ्या. जवळची जोडी वादकाबरोबर सरकेल, दूरच्या दोन्ही जोड्या शेवटपर्यंत हलणार नाहीत. यामुळे वाद्य वापरताना जवळचा आवाज हवा तिथे ठेवता येईल, आणि खोलीच्या आवाजात मात्र वृंद जसा उभा असतो तसाच ऐकू येईल.

माइकची पातळी एकदा लावायची ती सर्वांत जोरकस घंटेच्या पूर्ण जोरावर, थोडी मोकळी जागा ठेवून. मग ३७ घंटा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. म्हणजे घंटांमधला नैसर्गिक तोल आपोआप नोंदला जातो. २४ बिटमध्ये हे सहज परवडतं. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असला की पातळीची चिंता मिटते हे खरं, पण माइकची स्वतःची खरखर त्याने कमी होत नाही, म्हणून कमी खरखरीच्या मोठ्या पडद्याच्या माइकवर आम्ही भर दिला. सहा वाहिन्या, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट: तासाला सुमारे ६ जीबी. दोन रेकॉर्डर एकाच वेळी, दोन्ही बॅटरीवर, म्हणजे विजेच्या तारांची गुणगुण येण्याचा मार्गच उरत नाही. ही बाजू लवकर उरकली.

घंटेच्या देखभालीचा भाग संचालिकांनी स्वतःकडे घेतला. आदल्या दिवशी प्रत्येक घंटेच्या मुठीचे स्क्रू तपासायचे, कारण सैल मूठ खुळखुळते. लोलकाच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग सारख्या ताणलेल्या आहेत का पाहायचं. आघातानंतर लोलकाला कडेपासून दूर धरायचं काम त्या करतात, आणि सैल असल्या तर लोलक दुसऱ्यांदा टेकतो. बऱ्याच घंटांत लोलकाचं डोकं फिरवून मऊ, मध्यम आणि कडक अशा बाजू निवडता येतात. संच वाजवताना वृंद जी बाजू वापरतो तीच ठेवायची, माझ्या वाद्यासाठी काही बदलायचं नाही, यावर आमचं एकमत झालं.

सर्वांत अवघड गाठ वेळेची होती. खालच्या घंटांची शेपटी सर्वांत लांब, म्हणून त्यांना रात्रीचा सर्वांत शांत प्रहर हवा. पण त्याच घंटा सर्वांत जड, आणि त्या प्रहरापर्यंत मनगटं थकलेली असतात. नाद विरेपर्यंत घंटा हवेत, अजिबात न हलवता धरायची असते; सी-४ पस्तीस सेकंद तशी धरणं सोळा वेळा करून पाहा म्हणजे कळतं. घंटा टांगून वाजवली तर हात सुटतो, पण मुठीवरच्या पकडीचा परिणामही नाहीसा होतो. तोडगा संचालिकांनी सांगितला. खालच्या घंटांसाठी दोन वादक, एका घंटेचे सोळा आघात एकाने, पुढच्या घंटेचे दुसऱ्याने. आणि ते दोघं संध्याकाळी यायचेच नाहीत. वरच्या घंटांचं काम इतरांनी उरकल्यावर, ताजे होऊन रात्री यायचं. एका घंटेचा हात मध्येच बदलायचा नाही ही अट मी घातली. दोन माणसांचा आघात सारख्या जोराचा असला तरी सारखा नसतो.

जोराच्या पायऱ्या मागण्याची पद्धतही वादकांशी बोलून बदलली. "हा मध्यम आघात चारदा द्या" म्हटलं की वादक मोजत बसतो आणि हात आखडतो. त्याऐवजी हळूपासून जोरापर्यंत चार पायऱ्यांची एक चढण, अशा चार चढणी. वादक संगीतात जसा क्रमाने वाढवतो तसंच हे होतं. नंतर सोळाही आघात मोजून मी त्यांच्या खऱ्या जोराप्रमाणे लावेन. खुणेसाठी बोलायचं नाही. मित्राच्या टेबलावरचा छोटा दिवा विझला की पुढचा आघात. प्रत्येक घंटेच्या सुरुवातीला फक्त एकदा तोंडी नोंद.

फायलींच्या नावांबाबत मी आग्रही होतो. हँडबेलच्या स्वरलिपीत लिहिलेल्या स्वरापेक्षा आवाज एक सप्तक वर असतो. मधला सी लिहिलेला असेल तर वादक सी-५ उचलतो. त्यात वेगवेगळी संगीत-सॉफ्टवेअर मिडीच्या (स्वरांना क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीच्या) ६० क्रमांकाला कधी सी-३ म्हणतात, कधी सी-४. म्हणून नावात स्वराऐवजी मिडी क्रमांक, ६० ते ९६, मग तंत्र, चढण आणि पायरी. वाद्यात एक सप्तक वर-खाली करणारा खटकाही द्यायचा, म्हणजे वृंदाची स्वरलिपी समोर ठेवून कुणालाही सरळ वाजवता येईल. कळ सोडली की घंटा मिटेल, सस्टेन पेडल दाबलं की मोकळी राहील.

करार दोन पानांचा केला, पण त्यावर घाई केली नाही. ध्वनिमुद्रणं कुणाच्या मालकीची, वाद्य विकलं गेलं तर वृंदाला काय मिळेल, वृंदाचं नाव कुठे येईल, घंटेला काही झालं तर जबाबदारी कुणाची, आणि घंटांना वृंदाबाहेरच्या कुणी हात लावायचा नाही. हे शेवटचं कलम मीच सुचवलं. प्रत्येक वादकाची स्वतंत्र सही घेतली, कारण वाद्यात वाजणार आहेत ते त्यांचेच हात.

वेळापत्रकात मी शेवटच्या रात्रीचा शेवटचा तास पूर्ण वृंदासाठी ठेवला होता. माइक तसेच, पातळी तीच, आणि वृंदाने तीन छोटे तुकडे वाजवायचे: एक संथ आणि मोकळ्या नादाचा, एक जलद आणि सतत मिटवत जाणारा, एक मार्टेलाटो आणि प्लकचा. तेच तुकडे पुढे वाद्यावर वाजवून दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचे, आणि जिथे फरक ऐकू येईल तिथे वाद्य दुरुस्त करायचं. संचालिकांनी वेळापत्रक परत पाठवलं तेव्हा त्यात एकच बदल होता. पूर्ण वृंदाचा तास त्यांनी उचलून पहिल्या रात्री, सगळ्यात आधी टाकला होता. एकटी घंटा सोळा-सोळा वेळा वाजवून झाल्यावर माणूस एकत्र वाजवण्याचा तोल विसरतो, आणि एकत्र वाजवून घेतलं तर एकट्या घंटेलाही तोच जोर आणि तीच मिटवण्याची वेळ हातात राहते, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. मी तो बदल तसाच ठेवला आणि माइक उभे करण्याची वेळ दोन तास अलीकडे घेतली.